तेराशे बावीस वॅटचा बल्ब

आमच्या घरातला शंभर वॅटचा बल्ब प्रत्यक्षात तेराशे बावीस वॅट वीज खातो, हा शोध मी लावला. माझ्याआधी तो कुणाला लागला नाही, कारण माझ्याआधी बल्ब मोजायला बसलेल्या सगळ्यांनी शाळा पूर्ण केली होती.

माझी शाळा आठवीत सुटली. आबांचा पाय मोडला, मेंढरांमागं जायला माणूस नव्हता, म्हणून गुरुजींना सांगून दोन महिन्यांपुरती सुटली. ते दोन महिने अजून चालू आहेत. मधल्या काळात मी येलदरीजवळचं आमचं गाव सोडून वापीला पोचलो आणि मोटारी नव्यानं बांधून देणाऱ्या एका दुकानापुढं उभा राहिलो. दुकानाचे मालक लतीफ उस्ताद मूळचे परभणीचे. मी नुसतं "काम हाय का?" असं विचारलं आणि त्या एका गावाकडच्या ‘हाय’वर त्यांनी मला ठेवून घेतलं. सहा वर्षं झाली. दोन वेळचं जेवण, झोपायला माळा आणि हातात कला, हे सगळं त्यांचं. मी चुकलो तर ते फक्त चष्मा काढून माझ्याकडं बघतात. चष्म्याशिवाय त्यांना काहीच दिसत नाही, म्हणून मला ते फार दयाळूपणाचं वाटतं.

दुकानाच्या भिंतीवर त्यांनी खडूनं लिहून ठेवलंय: व्होल्टला अँपिअरनं भागलं की ओहम, व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॅट. ओहम म्हणजे तार विजेला किती अडवते ते, आणि वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं ते. हे मला झोपेतही येतं. माझं काम मात्र एवढंच, की बंद मोटारीच्या वेटोळ्याला मीटरच्या दोन सुया लावायच्या, ओहम वाचायचे आणि ओरडून सांगायचे. चालू मोटारीचे व्होल्ट आणि अँपिअर उस्ताद स्वतः मोजतात. सहा वर्षांत मीटरचा खटका मी ओहमच्या घरातून हलवलेला नव्हता. (हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं माझी कीव करायला सोपं जाईल.)

दुसरी गोष्ट, माझा स्वभाव भित्रा आहे. कुलूप लावून दहा पावलं गेलो की परत येऊन ओढून बघतो. बटण बंद केलं तरी त्याच्याकडं पाठ करवत नाही. दूर राहणाऱ्या माणसाला घरची काळजी वाटते, तशी मला वाटतेच, पण माझी काळजी फार तपशिलात असते.

तर गेल्या जानेवारीत मी चार दिवसांची सुट्टी घेऊन घरी गेलो. उस्तादांनी त्यांचं जुनं मीटर मला कायमचं देऊन टाकलं होतं. ते मी पिशवीत कपड्यांच्या मधोमध, लाडूच्या डब्यासारखं जपून आणलं.

घरी आबा, माय आणि वैनी. दादा मेंढरं घेऊन चुडाव्याकडं, खतासाठी लोकांच्या रानात बसवायला गेलेला. वैनीची शेळी पाच दिवसांपूर्वी व्यालेली. ही शेळी वैनीच्या वडलांनी सोनपेठच्या बाजारातून घेऊन लेकीला दिलेली, त्यामुळं घरात तिचा मान माझ्यापेक्षा वरचा. मागच्या हिवाळ्यात तिची दोन्ही करडं थंडीनं गेली होती. वैनी तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती, असं मायनं फोनवर सांगितलं होतं. या वेळी तीन करडं झाली, तीही दिवस भरायच्या आधी. मांजराएवढी. गोठ्यातल्या कोपऱ्यात पोत्यावर ठेवून, वर पिवळा शंभरचा बल्ब सोडून वैनीनं ती पाच दिवस जगवली होती.

"भावजी, बगा की," वैनी म्हणाली. "धाकटं कालपासून उभं राहायलंय."

मी बघितलं. पण करडं नाही बघितली. मी वायर बघितली. काडीसारखी बारीक वायर, दोन ठिकाणी गाठ, आणि चार हातांवर कडब्याची गंजी.

"वैनी, ही वायर किती ओझं सोसते माहीत हाय का?"

"बल्बचं सोसतीय की पाच दिवस."

"पण बल्ब किती घेतो?"

"शंभर. वर लिवलंय."

"लिवलेलं सोडा," मी म्हणालो. माझ्याकडं मीटर होतं. मीटर असलेल्या माणसाला लिहिलेलं वाचवत नाही.

बल्ब बंद करून काढला, गार होऊ दिला आणि सुया लावल्या. चाळीस ओहम. मी गंजीला टेकून करडांच्या पोत्यावरच कोळशानं हिशेब मांडला. व्होल्टला अँपिअरनं भागलं की ओहम, तर व्होल्टला ओहमनं भागलं की अँपिअर. दोनशे तीस भागिले चाळीस, पावणेसहा अँपिअर. पावणेसहा गुणिले दोनशे तीस, तेराशे साडेबावीस वॅट. अर्धा वॅट मी सोडून दिला.

"आबा!" मी हाक मारली. "हा बल्ब शंभरचा न्हाई. तेराशेचा हाय."

आबा बाजेवरून म्हणाले, "मग लयच सस्त्यात भेटला."

"आबा, हसू नका. ही वायर पेटंल. कडबा पेटंल. करडं, शेळी, तुमी, सगळे."

मोडून बसवलेला पाय असलेला माणूस कडब्याला आग म्हटल्यावर किती झपाझप चालतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. आबांनी येऊन वायरीला लांबूनच काठी लावून बघितली. मग ते कोंडीमामांना सांगायला गेले.

कोंडीमामा म्हणजे आमचे शेजारी. गावात कुठलंही यंत्र बंद पडलं की ते आधी येतात, बघतात आणि "गेलं" म्हणतात. ते पाणी तापवायचा रॉड घेऊन आले. रॉडवर पंधराशे वॅट लिहिलेलं.

"नामदेव, ह्येचं सांग बरं. तुजं मीटर खोटं बोलतंय का ते कळंल."

मला ते पटलं. परीक्षा झालीच पाहिजे. सुया लावल्या, पस्तीस ओहम. भागाकार केला, गुणाकार केला. पंधराशे अकरा.

कोंडीमामांनी रॉड उलटा करून परत वाचला. "पंधराशेच लिवलंय की रे. बरूबर निगालं."

माझी छाती फुगली आणि त्याच वेळी जीवही घाबरला, कारण आता शंकेला जागाच नव्हती. मीटर खरं, हिशेब खरा, रॉड प्रामाणिक, म्हणजे खोटारडा एकटा बल्ब. कोंडीमामांनी घरून स्वतःचा साठचा बल्ब आणला. तो आठशे चौदा निघाला. मामा खाली बसले.

"बारा वर्सं झाली ह्येला माज्या घरात," ते म्हणाले. "लेकासारखा संबाळला."

दुपारपर्यंत आमच्या ओट्यावर बल्ब घेऊन माणसं आली. मी एकालाही निर्दोष सोडलं नाही. प्रत्येक बल्ब त्याच्यावर लिहिलेल्या आकड्याच्या तेरा-चौदापट खाणारा निघाला. माणसं बल्ब फडक्यात गुंडाळून, विंचू धरल्यासारखे हात लांब करून घरी घेऊन गेली. आबा प्रत्येकाला पाणी देत होते आणि "आठवीपर्यंत शिकलाय" असं सांगत होते. हे ते पहिल्यांदाच अभिमानानं सांगत होते. मी ऐकलं, आणि तिथंच थांबायचं सोडून आणखी पुढं गेलो.

प्रश्न करडांचा होता. वैनी दारात उभी.

"भावजी, ऊन उतरायलंय. बल्ब लावायला पायजे."

"वैनी, तो लावायचा न्हाई. मी सोय करतो."

घरात पांढरे एलईडी दिवे होते. मी एक काढून मोजला. मीटरनं डावीकडं नुसता एक दाखवला. मोटारीच्या वेटोळ्यावर असं दाखवलं की त्याचा अर्थ एकच असतो, यातून वीज जातच नाही.

"वैनी, हा शून्य वॅट घेतो."

"शून्य?" मायनं तांदूळ निवडता निवडता विचारलं. "मग जळतो कसा रे?"

"आता नवीन निघालंय तसं," मी म्हणालो. (हे वाक्य मी वापीत गिऱ्हाइकांना सांगतो. आजवर कुणी पुढं काही विचारलेलं नाही. मायनंही नाही विचारलं, फक्त माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं.)

पिवळा बल्ब फडक्यात बांधून मी मायच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला, पुरावा म्हणून. त्याच्या जागी एलईडी लावला. गोठ्यात लख्ख पांढरा उजेड पडला. पिवळ्यापेक्षा दुप्पट. गंजीतली कडब्याची काडी न् काडी दिसायला लागली. आबा म्हणाले, "दिवस उगवल्यावानी झालं." मी वायरीला हात लावून बघितला, गार. सकाळपासून पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला. आग लागणार नव्हती. मी माझ्या घराला वाचवलं होतं. चहा पिऊन मी निवांत बाजेवर पडलो.

दिवेलागणीला वैनीची हाक आली. मोठ्यानं नाही. वैनी घाबरली की तिचा आवाज बारीक होतो.

"भावजी. उजेड लय हाय. ऊब न्हाई."

मी धावलो. तिन्ही करडं एकमेकांवर चढून, माना आत खुपसून पडलेली. इतक्या चांगल्या उजेडात, की त्यांचं थरथरणं केसाकेसांवर दिसत होतं. वैनीनं धाकट्याच्या तोंडात बोट घातलं. आमच्याकडं करडाचा जीव असाच बघतात. तोंड आतून गरम असलं तर काळजी नाही. वैनीनं बोट काढलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "गार पडलंय."

मग जे झालं त्याला धावपळ म्हणणं म्हणजे कौतुक केल्यासारखं होईल. मायनं एक करडू पदरात घेऊन चुलीपुढं बसकण मारली. मधलं मी आबांच्या बंडीत घातलं. आबांना गुदगुल्या फार होतात हे मला तोवर माहीत नव्हतं. ते करडाला शिव्या देत, हसू दाबत, पाय लांब करून बसले. धाकटं वैनीनं पोटाशी धरलं आणि त्याच्या कानाला फुंकर घालत राहिली. मी चुलीतल्या गरम राखेवर पोतं शेकायला धरलं. पोतं पेटलं. ज्या आगीला मी सकाळपासून भीत होतो, ती शेवटी मीच लावली. मायनं हंड्यातलं पाणी त्यावर ओतलं, आणि त्यातलं निम्मं चुलीत गेलं. चूल विझली.

घरभर धूर. धुरात तीन माणसं, तीन करडं आणि एक इलेक्ट्रिशियन.

"बल्ब काढा ट्रंकेतला," वैनी म्हणाली.

"वैनी, वायर पेटंल हो."

"पाच दिवस न्हाई पेटली."

"आज पेटंल. पावणेसहा अँपिअर हायत."

वैनीनं करडू जरा वर घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, धुराचं असावं असं मी स्वतःला सांगितलं. "भावजी, मागल्या वर्सी दोन गेली. ह्ये तिसरं जायला नको माज्या हातात."

मला भिंतीवरचा खडू आठवत होता, आणि उत्तर तेच येत होतं. बल्ब लावला तर आग, नाही लावला तर करडू. आठवीपर्यंतच्या गणितात असं उदाहरण नव्हतं. मी उस्तादांना फोन लावला. हात ओले म्हणून स्पीकरवर. तोवर धूर बघून कोंडीमामाही बादली घेऊन पोचले होते.

"उस्ताद, शंभरचा बल्ब तेराशे वॅट खातोय."

"कायकू?" उस्ताद म्हणाले.

मी सगळं सांगितलं. चाळीस ओहम, पावणेसहा अँपिअर, रॉड, एलईडी, करडं. पलीकडं उस्तादांनी चष्मा काढला असणार, हे मला इथून दिसलं.

"बेटा, ओहम मोजले तेव्हा बल्ब जळत होता का?"

"न्हाई उस्ताद. गार होता. काढून मोजला."

"भिंतीवर काय लिहिलंय? व्होल्टला अँपिअरनं भाग. अँपिअर कुठून येतात? जळणाऱ्या बल्बातून येतात. तू गार तार मोजली. गार तार म्हणजे बाजार भरायच्या आधीचा रस्ता, वीज सरळ चालत जाते. तापली की बाजार भरतो, धक्के खात जावं लागतं. रॉडची तार तापून फारशी बदलत नाही, म्हणून तो बरोबर आला. बल्बची दहा-बारापट बदलते."

"आणि एलईडी?"

"त्याच्या आत वेगळं सर्किट असतं, तुझं मीटर त्याला ओळखत नाही. तो थोडीच वीज घेतो, म्हणून गरम होत नाही. पहिले पिवळा बल्ब लाव. शिकवणी नंतर."

हे सगळं आबा, माय, वैनी आणि कोंडीमामा ऐकत होते. कोंडीमामांनी बादली हळूच खाली ठेवली. "मंजी माजा बल्ब चांगला हाय," ते म्हणाले आणि साक्षीदार शोधत घरी गेले.

ट्रंक उघडली, फडकं सोडलं, बल्ब लावला. पिवळा उजेड पडला. त्या लख्ख पांढऱ्यापुढं मळकटच. पण वैनीनं त्याखाली हात धरला आणि तिचे खांदे खाली आले.

उस्ताद फोनवर थांबले होते. त्यांनी मला मेन बटण बंद करायला लावलं, रबरी चपला घालायला लावल्या, मीटरचा खटका सहा वर्षांत पहिल्यांदा ओहममधून काढून अँपिअरवर फिरवायला लावला, सुईची वायर दुसऱ्या भोकात घालायला लावली आणि मीटर बल्बच्या वायरीत मधे जोडायला लावलं. प्रत्येक पायरी त्यांनी मला दोनदा म्हणायला लावली. बटण चालू केलं. शून्य पूर्णांक अडतीस अँपिअर. मग परत बटण बंद, सुई जागेवर, आणि व्होल्ट. आमच्याकडं संध्याकाळी वीज दमलेली असते, एकशे ऐंशीच भरले.

"आता गुण."

"अडुसष्ट वॅट, उस्ताद."

"भाग."

"चारशे त्र्याहत्तर ओहम."

सकाळी चाळीस, संध्याकाळी चारशे त्र्याहत्तर. आणि तेराशे सोडा, बिचारा शंभरसुद्धा खात नव्हता. मला एकदम एक महत्त्वाची गोष्ट सुचली. निदान या हिशेबातून तरी घरच्यांना काही उपयोग व्हावा, असं मनापासून वाटत होतं.

"वैनी, संध्याकाळी व्होल्ट पडतात, म्हून बल्ब सत्तरच्या आत येतो. ऊब कमी पडते. तो खाली घ्यायला पायजे. मी काढतो हिशेब किती ते."

"वीतभर," वैनी म्हणाली.

"आँ?"

"सांजच्याला वीतभर खाली घेते मी रोज. ही गाठ कशाला हाय मग? करडं थरथरली की खाली, तोंड उघडून धापायला लागली की वर." तिनं वायरीची गाठ सरकवली, बल्ब वीतभर खाली आला. मी सकाळी जिला धोका समजलो होतो, तीच ही गाठ.

अर्ध्या तासानं तिनं धाकट्याच्या तोंडात परत बोट घातलं. आम्ही सगळे तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. करडानं बोट चोखायला सुरुवात केली. वैनीनं उठून मला चहा दिला. साखर घातलेला. त्या घरात इतकी मोठी माफी मला कधी मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आबा मला घेऊन घरोघर फिरले. मी प्रत्येकाला त्याचा बल्ब निर्दोष असल्याचं सांगितलं. आबा मागं उभे राहून म्हणत, "आठवीच झालीय वो त्याची." वाक्य तेच होतं, सूर तेवढा बदलला होता.

परवा वैनीचा फोन आला. तिन्ही करडं मोठी झालीत, धाकटं तर गंजीवर चढून बसतं म्हणे. मी खरंच खूश झालो. म्हटलं, "वैनी, शेळी कशी हाय?"

"गाभण हाय परत. जानेवारीत होईल."

"अरे वा! जानेवारीतच येतो मग मी सुट्टीवर."

"भावजी, तुमी फेब्रुवारीत या."

मी तसाच उस्तादांकडं गेलो आणि कारण सांगून फेब्रुवारीची सुट्टी मागितली. उस्तादांनी हातातली मोटार बाजूला ठेवली, चष्मा काढला आणि नीट विचार करून म्हणाले, "मार्चमध्ये जा बेटा. करडं नाजूक असतात."